पट्ट्याखालचा रंग

जुन्या मोटारीच्या अंगावर चिकटवलेला पट्टा तडकला, की सीमाभागातल्या गॅरेजमध्ये त्यावर एकच औषध सांगितले जाते. पेंटर गाडीभोवती एक फेरी मारतो, नखाने पट्ट्याची कड उचलून बघतो आणि म्हणतो, "मालक, ह्याला हात लावत बसू नका. फुल बॉडीच मारून टाकूया की." निपाणी असो, संकेश्वर असो की बेळगावचे उद्यमबाग, सल्ला बदलत नाही. मालकालाही तो पटतो. पट्ट्याखाली काय निघेल कुणास ठाऊक, आणि जे निघेल ते डागाळलेलेच दिसणार. मग सगळेच घासून नवा रंग मारलेला काय वाईट?

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. पट्टा खुशाल काढावा, तोही सरसकट नाही, त्याचे पुढे बघू. पण त्याची खूण मिटावी म्हणून सगळ्या गाडीचा रंग घालवू नये. ज्याला आपण डाग म्हणतो, तो त्या गाडीवर उरलेला सर्वांत खरा रंग असतो, आणि तो एकदा घासला गेला की कुठल्याही दुकानात मिळत नाही.

हे पट्टे आले कुठून? 1950च्या दशकात ब्रिग्ज कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन धनिकाने आपल्या पांढऱ्या शर्यतीच्या गाड्यांवर निळे पट्टे ओढून त्या फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत उतरवल्या. पुढच्या दशकात शेल्बी मस्टँगसारख्या गाड्यांवरून ते पट्टे शर्यतीच्या मैदानातून रस्त्यावर आले. मग कंपन्यांच्या लक्षात आले, की पट्टा रंगवण्यापेक्षा चिकटवणे स्वस्त पडते. कारागिराचे काही तास वाचतात, आणि गिऱ्हाईक पट्ट्याचे पैसे मात्र वेगळे मोजते. पॉण्टियाक ट्रान्स ॲमच्या बॉनेटवरचा तो पंख पसरलेला पक्षी म्हणजे शेवटी एक मोठे स्टिकरच होते.

आपल्याकडची गोष्ट निराळी. मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघायची आणि शेवटी जी मिळेल ती घ्यायची, असा तो काळ. ॲम्बॅसडर नाही तर फियाट. 1974 पासून तीच फियाट 'प्रीमिअर पद्मिनी' नावाने कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत मोटार म्हणजे व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्या दारातली वस्तू, आणि या सगळ्यांच्या दारात जवळजवळ एकसारखी गाडी. आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीहून वेगळी कशी दिसणार? 1983च्या डिसेंबरात मारुती आली, पाठोपाठ जपानी बनावटीच्या झकपक मोटारसायकली आल्या, आणि त्यांच्यासमोर जुनी फियाट अचानक म्हातारी दिसू लागली. तिला तरणी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होता रेडियमवाला.

रेडियमवाल्यांबद्दल कोणीतरी एकदा नीट लिहायला हवे. स्टँडजवळ टपरीएवढे दुकान, भिंतीवर रंगीत गुंडाळ्या, हातात ब्लेड. संगणकावर कापणारे यंत्र येण्याआधी ही माणसे देवाचे नाव, गावाचे नाव, वाघ, घोडा, ज्वाळा, सगळे नजरेच्या अंदाजाने कापत. वडापच्या ट्रॅक्सच्या मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' आणि बाजूला तीन रंगांचा पट्टा, ही त्यांचीच कला. आता सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट कर्नाटकातही सक्तीची झाली आणि महाराष्ट्रातही, त्यामुळे नंबर कापून देण्याचा त्यांचा हक्काचा धंदा बसला आहे. पण 1980 आणि 90च्या दशकांत त्यांनी चिकटवलेले पट्टे अजून गाड्यांवर आहेत, आणि आज आपण जे काढायला निघालो आहोत ते बहुतेक हेच.

तर पट्ट्याचे काय होते? हा पट्टा म्हणजे पीव्हीसीचा पातळ पडदा. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला लवचिक करण्यासाठी त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात, आणि ऊन व उष्णता यांनी ही द्रव्ये वर्षानुवर्षे हळूहळू निघून जातात. पट्टा आक्रसतो, कडक होतो, मग त्याला बारीक भेगा पडतात. खालचा गमही सुकून रंगाला घट्ट धरतो. भेगांतून आणि उचललेल्या कडांतून बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती आत शिरते, पावसाळ्यात तीच माती ओल धरून ठेवते, आणि पत्र्याला कुठे टोचा पडलेला असेल तर तिथून गंज सुरू होतो. म्हणून तडकलेला पट्टा तसाच ठेवा, असे मी म्हणणार नाही.

पण त्याच वेळी पट्ट्याबाहेरही काहीतरी चाललेले असते, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. उघडा रंग उन्हाने मरतो. त्याचा वरचा थर भुकटीसारखा होतो, लाल रंग गुलाबीकडे झुकतो, पांढऱ्यावर खडूसारखी साय येते. पट्ट्याखालचा रंग मात्र झाकलेला असल्यामुळे जवळपास जसाच्या तसा राहतो. पट्टा काढल्यावर जी गडद खूण दिसते, ती पट्ट्याने केलेली खराबी नसते. खराब झालेली असते ती बाकीची गाडी. ती रोज थोडी थोडी उतरत गेली, म्हणून आपल्या डोळ्यांना कळले नाही. पट्टा निघाला की फरक एकदम समोर येतो आणि आपण दोष देतो खुणेला.

एवढे समजले तरी अर्ध्या चुका टळतात. खूण दिसली की पेंटरचा मुलगा रबिंग घेऊन खुणेवरच तुटून पडतो. म्हणजे जो रंग धडधाकट आहे तोच घासायचा. घासायचे असेलच तर खुणेबाहेरचा मेलेला थर घासायला हवा, तोही हाताने, हलक्या दाबाने, अधूनमधून थांबून बघत. जुन्या एकरंगी गाड्यांवर, म्हणजे वर पारदर्शक थर नसलेल्या रंगावर, याने बाहेरचा रंग चकित व्हावे इतका जागा होतो आणि खूण निम्म्याहून अधिक फिकी पडते. पूर्ण जात नाही. जाऊही नये, असे माझे मत.

काढण्याची रीत अवघड नाही, फक्त सावकाशीची आहे. पट्टा कोमट झाला पाहिजे, साधारण 50-60 अंश. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हात उभी केलेली गडद रंगाची गाडी एवढी आपोआप तापते. नसेल तापत तर घरातला केस वाळवायचा ड्रायर पुरे. गॅरेजमधली हीट गन पाचशे अंशांवर जाऊ शकते आणि क्षणात रंगाचा पापुद्रा उचलते, म्हणून ती नवशिक्याच्या हाती देऊ नये. कड नखाने किंवा प्लॅस्टिकच्या कार्डाने उचलावी. पट्टा सरळ बाहेर न ओढता त्याच्याच अंगावर उलटा दुमडत नेत सोलावा. तुटला तर थांबावे, पुन्हा ऊब द्यावी. लोखंडी पट्टीला आणि ब्लेडला या कामात जागा नाही. ड्रिलला लावायची रबरी चकती मिळते, तीही बरी, पण वेग वाढला की ती रंग जाळते.

मागे उरलेला गम काढताना खरी परीक्षा. रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये बुडवलेले फडके त्यावर थोडा वेळ ठेवले तर गम सुटतो. गॅरेजमध्ये मात्र हात जातो थिनरकडे, कारण तो काम झटक्यात करतो. आपल्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच कधीतरी पुन्हा रंगवलेल्या असतात, आणि तो रंग बहुतेक वेळा लोक ज्याला सरसकट 'ड्युको' म्हणतात त्या नायट्रोसेल्युलोज जातीचा असतो. या जातीचा रंग थिनरमध्येच विरघळवून फवारलेला असतो, त्यामुळे थिनर लागताच तो पुन्हा विरघळतो. कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग थोडा अधिक तग धरतो. फरक ओळखायचा तर डिकीच्या आतल्या कडेला, जिथे कोणी बघत नाही, थिनरचा एक बोळा टेकवावा. बोळ्याला रंग लागला तर गाडी पूर्वी रंगवलेली आहे असे धरून चालावे आणि थिनरची बाटली लांब ठेवावी.

हे सगळे करायला वेळ जातो, आणि वेळेचा हिशेब गॅरेजला परवडत नाही. पेंटरला मी दोष देणार नाही. त्याला सोलण्याचे पैसे कोणी देत नाही, रंगाचे देतात. पट्टा सोलायला लागलेल्या दिवसाची मजुरी सांगितली की मालक म्हणतो, एवढ्यासाठी एवढे? आणि फुल बॉडीचा मोठा आकडा सांगितला की तोच मालक मान डोलावतो, कारण त्याला शेवटी चकाकणारी गाडी दिसणार असते. म्हणजे जपण्यापेक्षा पुसणे फायद्याचे ठरते, आणि ते फायद्याचे ठरवले आहे गिऱ्हाइकानेच.

फुल बॉडीत काय जाते, ते नीट बघितले पाहिजे. कारखान्याच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. माणसाचा केस सरासरी सत्तर मायक्रॉनचा, तेव्हा दोन केसांएवढे ते सगळे. त्यातला खरा रंगाचा थर याच्याही निम्मा. बफिंगचे मशीन एका बैठकीत त्यातले काही मायक्रॉन खाते, कडांवर आणि उंचवट्यांवर अधिक. फुल बॉडीत तर पॉलिश पेपरने तो थर बहुतेक निघूनच जातो. त्यावर लांबी, प्रायमर, नवा रंग. लांबीखाली पत्र्याच्या रेषा बुजतात, दाराच्या कडेची धार बोथट होते, काचेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे राहतात, आणि बॉनेट उघडले की आत जुना रंग आणि बाहेर नवा, असे दोन रंग एका गाडीत नांदतात. पाच-सहा पावसाळ्यांत लांबीखालून गंजाचा फोड वर आला, की पेंटर पुन्हा तोच सल्ला देतो.

इथे एक व्यवहाराचा मुद्दा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत भक्कम. जुन्या गाडीचा एखादा मडगार्ड कधी ना कधी रंगवावाच लागतो. तेव्हा शेड कशावरून जुळवणार? आरसी बुकात रंगाचा रकाना असतो, पण तिथे नुसते 'निळा' किंवा 'पांढरा' लिहिलेले. उन्हात उतरलेल्या बॉनेटवरून शेड जुळवली तर ती उतरलेलीच शेड मिळणार. कारखान्यातून गाडी आली तेव्हाचा रंग सापडण्याच्या जागा थोड्या: क्रोमच्या पट्टीखाली, मागच्या नंबरप्लेटच्या आड, आणि रेडियमच्या पट्ट्याखाली. त्यांत पट्ट्याखालची जागा सर्वांत मोठी, सपाट आणि उजेडात. ज्या खुणेला आपण लाजतो तीच शेडचा नमुना आहे. ती घासून टाकणे म्हणजे मोजपट्टी मोडून मग माप घ्यायला बसणे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मला माहीत आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. लोक म्हणतात, आमच्या आजोबांची गाडी, लग्नाच्या वरातीत काढायची, तिच्यावर असे भूत दिसणे बरे नाही. घराण्याची अब्रू म्हणून जुनी वस्तू नवी करून ठेवायची, ही आपली जुनी रीत. मंदिराला दर काही वर्षांनी ऑइलपेंट फासणारा समाज मोटारीला वेगळी वागणूक कशाला देईल? दुसरे म्हणणे बाजाराचे. चकाकणारी गाडी विकली जाते, डागाळलेली पडून राहते. तिसरे गंजाचे, आणि हे मी पूर्ण मान्य करतो. पत्रा खालून कुजला असेल, मागे कोणी निकृष्ट रंग मारून ठेवला असेल आणि तो सालपटांनी निघत असेल, तर जुना रंग जपण्यात अर्थ नाही. तिथे खाली पत्र्यापर्यंत जावे लागते. माझा वाद धडधाकट मूळ रंग असलेल्या गाड्यांबद्दल आहे, आणि अशा गाड्या दरवर्षी कमी होत आहेत.

बाजाराचे गणितही आता तेवढे सरळ राहिलेले नाही. जुन्या मोटारींच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था 'फिव्हा'. तिच्या सभेने 2012 साली ट्युरिनची सनद स्वीकारली. ऐतिहासिक वास्तूंसाठी 1964 साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेवर ती बेतलेली आहे. तिचा कल स्पष्ट आहे: आधी जतन, आणि अगदी गरज पडली तरच नूतनीकरण, वापराच्या खुणा हा वाहनाच्या इतिहासाचा भाग. आपल्याकडेही 15 जुलै 2021 रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, रोजच्या वापराला बंदी. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि तिची चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. रंगाबद्दल नियम गप्प आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण 1974च्या पहिल्या पद्मिन्या आता या पन्नाशीत आल्या आहेत. ज्या गाडीला आपण कालपर्यंत 'जुनाट' म्हणत होतो ती कायद्याच्या लेखी वारसा होऊ शकते, आणि तेव्हा मूळ रंगाची गाडी आणि तीन वेळा लांबी खाल्लेली गाडी यांची किंमत एक राहणार नाही.

वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोल्हापूर येते. छत्रपतींच्या घराण्याची 1930च्या दशकातली जर्मन मेबॅक दसऱ्याच्या शाही सोहळ्याला बाहेर पडते आणि दसरा चौकात लोक तिच्यासाठी वेगळी गर्दी करतात. तिच्यावर कोणी थिनरचे फडके फिरवले तर बातमी होईल. निपाणीच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या पद्मिनीवर रोज फिरते, त्याची बातमी होत नाही. राजाची गाडी इतिहास आणि दुकानदाराची गाडी भंगार, ही विभागणी मला मान्य नाही. तंबाखूच्या पेठेतला मध्यमवर्ग कसा जगला, त्याला कशाची हौस होती, हे सांगणारी वस्तू पद्मिनीच आहे. रेडियमचे पट्टेसुद्धा त्यातच आले.

म्हणूनच प्रत्येक पट्टा काढूच नये. टाटा सिएरा, एस्टेट यांसारख्या 1990च्या दशकातल्या गाड्यांवरचे पट्टे कारखान्यातूनच आलेले असत. ते काढून गाडी 'ओरिजिनल' करतो म्हणणारा माणूस तिचा मूळ वेश उतरवत असतो. तिथे जमल्यास जुन्या पट्ट्याचे माप कागदावर उतरवून, फोटो काढून, तसाच नवा कापून घ्यावा. रेडियमवाला अजून आहे, त्याला काम द्यावे. मालकाने हौसेने लावलेला पट्टा ही त्या मालकाची सही असते. पुढच्या मालकाला ती नको असेल तर त्याने ती काढावी, हा त्याचा हक्क. पण आधी नोंद करावी.

हक्काचा विषय निघाला आणि लेख सीमाभागातून लिहिला जातो आहे, म्हणून थोडे विषयांतर. इथल्या माणसाला काढण्याचा अनुभव वेगळा आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक जुलै 2014 मध्ये न्यायालयाच्या आदेशाकडे बोट दाखवून हटवला गेला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तो पुन्हा पाडला गेला आणि गावाने लाठ्या खाल्ल्या. फलकाच्या बाजूने कोण आणि विरुद्ध कोण, हा वाद इथे उकरत नाही. मला त्यातला एवढाच धागा हवा आहे, की एखादी खूण कोणी काढायची आणि काढल्यावर काय शिल्लक ठेवायचे, हे प्रश्न या मुलखात पोरकट समजले जात नाहीत. ज्यांच्या पाट्या दुसऱ्यांनी पुसल्या, त्यांनी स्वतःच्या दारातल्या गाडीचा रंग मात्र विचार न करता पुसावा, याचे मला नवल वाटते. तिथे तर कोणी सक्तीही करत नाही.

गाडी नवी दिसावी ही इच्छा वाईट नाही. पण नव्या गाड्या शोरूममध्ये रांगेने उभ्या आहेत, त्या घ्याव्यात. पन्नास वर्षांच्या गाडीने पन्नास वर्षांचे दिसावे. अंगावर पट्ट्याची फिकी सावली असलेली, पण स्वतःच्या मूळ रंगातली पद्मिनी मला लांबी भरलेल्या चकचकीत पद्मिनीपेक्षा जास्त किमतीची वाटते, आणि हळूहळू बाजारालाही वाटू लागेल.

तेव्हा अशी गाडी तुमच्या दारात असेल तर गॅरेजची तारीख घेण्याआधी चार कामे करा. पट्ट्यासकट तिचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. कडेचा वीतभर पट्टा उन्हात सोलून खालचा रंग स्वतः बघा. थिनर वापरायचा नाही, हे पेंटरला पहिल्याच भेटीत सांगा. आणि तो सोलायला जेवढे दिवस घेईल त्या दिवसांची मजुरी त्याला रंगाच्या दराने द्या.